भाव आपण सांगायचा

आपल्या मालाचा भाव तुम्ही स्वतःच्या तोंडानं शेवटचा कधी सांगितला? वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हा प्रश्न विचारून बघा. कापूस गाडीत भरून हिंगणघाटच्या बाजार समितीत जातो. व्यापारी ढिगात हात घालतो, मूठभर कापूस ओढून धागा बघतो आणि आकडा बोलतो. सोयाबीनचं वेगळं काही नाही. तिथं ओलाव्याचं कारण आयतंच तयार असतं. हमीभाव दिल्लीत ठरतो. नोकरदाराचा पगार सरकार नाहीतर मालक ठरवतो, निंदणाची मजुरी गावाच्या चालीनं ठरते. जन्मभर राबणाऱ्या माणसाला आपल्या कामाची किंमत स्वतः सांगायची वेळ बहुधा येतच नाही.

छोट्या जोडधंद्याची सगळ्यांत मोठी कमाई मी हीच मानतो. आठवडी बाजारात गोणपाट टाकून बसल्यावर ‘पाव किलो पंच्याऐंशी’ असं म्हणायचं आणि गप्प राहायचं. समोरचा ‘जास्त होते’ म्हणतो, दोन पावलं पुढं जातो, कधी परत येतो, कधी येत नाही. पण आकडा आपला असतो. हे ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा केलं, त्याच्या चालण्या-बोलण्यात फरक पडतो. महिन्याला किती पैसे सुटतील, याची स्वप्नं दाखवणारे व्हिडिओ मोबाइलवर ढिगानं आहेत. ते काम त्यांनाच करू द्या. पैशाशिवाय जे मिळतं ते नेमकं काय असतं, आणि ते हातातून निसटू नये म्हणून काय करायचं, एवढंच इथे सांगायचं आहे. उदाहरणं याच तालुक्यातल्या गिरडकडची घेतो, कारण जोडधंद्याला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, गिऱ्हाईक आणि माल, तिथं आसपासच आहेत.

आधी गिऱ्हाईक. गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे, गावात रामाचं देऊळ आहे, आणि दोन्हीकडे हिंदू-मुसलमान सगळेच जातात. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. शेख फरीद या फकिराची थट्टा करणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांचा नारळ-सुपारीचा माल म्हणे दगड झाला. त्यांनी माफी मागितली तेव्हा सुक्या पानांतून त्यांना नवा माल मिळाला, आणि ते धंदा सोडून तिथंच सेवेला राहिले. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनं ही आख्यायिका टिपून ठेवली आहे. भूशास्त्र म्हणतं, हे काळ्या लाव्हा खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइट खनिजाचे गोळे आहेत. दोन्ही गोष्टी गाव गुण्यागोविंदानं सांगतं.

धंद्याच्या नजरेनं बघितलं, तर माणूस इथं स्वतःच्या पायानं येतो. पण यात्रेच्या गावात सगळे तेच विकतात: नारळ, फुलं, चादर, उदबत्ती, रेवड्या. एका ओळीत दहा दुकानं आणि दहाही दुकानांत एकच माल असला, की भाव पुन्हा आपल्या हातात राहत नाही, शेजारचा ठरवतो. म्हणून नव्यानं सुरू करणाऱ्यानं अकरावं नारळाचं दुकान टाकू नये. नागपूर, उमरेड, चंद्रपूरहून आलेला भाविक देवाला वाहून झाल्यावर रिकाम्या पिशवीनं परत जातो. त्या पिशवीत काय जाईल, याचा विचार करावा.

आणि माल? त्याच तालुक्यात वायगाव आहे. तिथल्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात कुर्क्युमिनचं प्रमाण सहा टक्क्यांच्या वर असल्याचं नोंदलं गेलं आहे. ज्यानं ती वापरली त्याला मात्र आकड्याची गरज पडत नाही, फोडणीत रंग आणि वास दोन्ही सांगतात. तरी वर्षानुवर्षं ही हळद पोत्यानं विकली जाते आणि तिची पुडी दुसरंच कुणीतरी बांधतं. हळकुंड उकडून, वाळवून, घासून पुसून व्यापाऱ्याला दिलं की शेतकऱ्याचं नाव तिथंच संपतं. दळून पाव किलोच्या पाकिटात भरलं, की पाकिटावर आपलं नाव छापता येतं. हळद एकटीच नाही. मुंगवड्या, कुरड्या, सरगुंडे, जवसाची आणि तिळाची चटणी, घरचं लोणचं, हे सगळं इकडच्या बायकांच्या हातचं काम आहे. नागपूरच्या फ्लॅटमध्ये आज वड्या घालायला ना गच्ची आहे, ना कुणाला वेळ.

यात एक सोय लक्षात घ्या. हळद होळीच्या आगेमागे निघते. कापसाची शेवटची वेचणी झालेली असते, मृगाला अवकाश असतो, ऊन कडक असतं. वाळवणाचा हंगाम आणि शेतीतला रिकामा काळ एकच. वर्ध्यात ही गोष्ट फार आधी ओळखली गेली होती. शेतकरी वर्षातले काही महिने बिनकामाचा बसतो, त्या वेळात त्याच्या हाताला काम हवं, हा गांधीजींच्या चरख्यामागचा साधा हिशेब होता. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले आणि वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, मधमाशा, हातकागद यांवर प्रयोग चालले. 1938 साली मगन संग्रहालय उघडलं. आज मगनवाडीतच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, आणि खाद्यप्रक्रियेचं प्रशिक्षण हवं असेल तर गिरडच्या माणसाला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्रही जिल्ह्यातच आहे. वर्ध्याचा गोरसपाक तर घराघरात ठाऊक आहे. गोसेवेच्या कामातून निघालेलं दूध-तूप बिस्किटात जिरलं आणि जिल्ह्याच्या नावाची ओळख होऊन बसलं.

आता हिशेब. भाव आपण सांगायचा, तर तो कुठून आला हे आपल्याला ठाऊक हवं. नाहीतर पहिल्याच ‘जास्त होते’ला आपण दहा रुपये सोडून देतो. बहुतेक घरगुती धंदे इथंच फसतात, म्हणून एक उदाहरण सविस्तर मांडतो. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या बाजाराचे घालून घ्या.

समजा दहा किलो हळकुंड 160 रुपयांनी घेतलं: 1,600 रुपये. घरचं असलं तरी हाच भाव धरायचा, कारण तुम्ही ते बाजारात विकू शकला असतात. दळणाचे 150. दळताना अर्धा किलो उडतं, जात्याला लागतं. साडेनऊ किलो पूड उरते, म्हणजे पाव किलोची 38 पाकिटं. पिशवी आणि लेबल मिळून पाच रुपयांप्रमाणे 190. बाजाराला जाण्या-येण्याचे 100. झाले 2,040. अडतीसनं भागलं की पाकिटामागं सुमारे 54 रुपये. इथं थांबून माणूस म्हणतो, साठला विकू, सहा रुपये सुटतात.

पण निवडणं, चाळणं, भरणं, बाजारात बसणं यात तुमचे सहा तास गेले, ते कुणाचे होते? साठच्या भावानं 2,280 रुपये येतात, खर्च जाऊन 240 उरतात, म्हणजे तासाला 40 रुपये. स्वतःच्या तासाचे निदान 60 धरले तर खर्च 2,400 वर जातो आणि पाकीट 63 रुपयांना पडतं. साठला विकणाऱ्यानं प्रत्येक पाकिटामागं स्वतःच्या खिशातून तीन रुपये घातले आणि वर गिऱ्हाइकाचे आभार मानले. पंच्याऐंशीला विकलं तर मजुरी निघून 830 रुपये हातात येतात. एवढ्या पैशानं कुणी श्रीमंत होत नाही, हे मला मान्य आहे. पण पहिल्यांदाच मजुरी वेगळी आणि नफा वेगळा दिसतो. माझ्या कामाचे इतके आणि माझ्या अकलेचे इतके. शेतीच्या हिशेबात हे दोन कधी वेगळे निघत नाहीत. घरच्यांची मजुरी कुणी धरतच नाही.

शेजारचा साठला विकत असेल तर? विकू द्या. त्याच्या भावाला उतरायचं नाही. त्याच्यापेक्षा काय वेगळं आहे ते दाखवायचं. बशीत चमचाभर हळद, शेजारी पाण्याचा पेला, आणि ‘बोटावर घेऊन बघा’ एवढं पुरतं.

घरात मिसळून जाणारा पैसा दिसत नाही, म्हणून त्याचं समाधानही मिळत नाही. धंद्याचा डबा वेगळा, वही वेगळी, जमलं तर बँकेतलं खातंही वेगळं ठेवा. त्या डब्यातून किराण्याला दोनशे घेतले तरी वहीत लिहा. यात एक गोष्ट मी हल्ली सगळीकडे बघतो. पाकिटं बाई भरते, बाजारात बाई बसते, आणि समोर टेकवलेला क्यूआर कोड नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावाचा. पैसा येतो तो परस्पर दुसऱ्याच्या खात्यात. तिला दिवसभरात किती विकलं हे संध्याकाळी विचारून कळतं. घरात भांडण लावायचा माझा विचार नाही, पण ज्याची मेहनत त्याच्या नावाचा कोड, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. बचत गटातल्या बायकांचं खातं असतंच. हातचा पैसा म्हणजे कुणाला न विचारता लेकीची फी भरता येणं, माहेरी जाताना बसभाड्यासाठी थांबावं न लागणं. ही मोकळीक जोडधंद्याची दुसरी मोठी देणगी आहे, आणि ती चुकीच्या कोडामुळे सहज हरवते.

तिसरी देणगी लाज जाण्याची. बी.ए. झालेला पोरगा चटणी विकतो, मास्तरांची बायको बाजारात बसते, या बोलण्याला लोक घाबरतात. प्रत्यक्षात ते बोलणं दोन-तीन बाजारांपुरतंच असतं. मग बोलणारेच ‘आमच्या पाहुण्यांसाठी दोन पाकिटं ठेव’ म्हणून येतात. अनोळखी माणसाशी बोलायची, नकार पचवायची, पुन्हा विचारायची सवय लागते. मुलाखतीत अडखळणाऱ्या किती मुलांना याचा उपयोग होईल, याचा विचार शाळा-कॉलेजांनी करायला हरकत नाही. निवृत्त माणसाचं निराळंच. चाळीस वर्षं ज्याला ‘सर’ म्हणून हाक मारली जायची, त्याच्याकडे निवृत्तीनंतर कुणी फिरकत नाही. रोपवाटिकेची शंभर रोपं केली तर लोक पुन्हा काहीतरी विचारायला येऊ लागतात.

चौथी, स्वस्तात चुकता येतं. कपाशीचं एक वर्ष बुडालं तर घर हलतं. चटणीचा एक घाणा करपला तर दोनशे रुपये जातात आणि पुढच्या घाण्याला आच कमी करायची हे कळतं. धंदा लहान ठेवण्याचं मोठं कारण हेच आहे. म्हणून सुरुवातीला कर्ज नको. घरातली कढई, गावातली चक्की, उन्हाळ्यातलं ऊन, यांवर पहिला हंगाम काढा. सरकारी योजना आहेत. सूक्ष्म खाद्यउद्योगांसाठी 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत यंत्रांवर 35 टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. सध्याची मुदत आणि अटी तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. पण अनुदान मिळतं म्हणून यंत्र घेऊ नका. हाताचं काम मागणीला पुरेनासं झालं की यंत्र घ्या. अनुदानापुरतं आलेलं यंत्र गंजतं, हप्ता मात्र ताजा राहतो.

आणि जिथं भाव दुसरा ठरवतो, त्या ‘जोडधंद्या’पासून लांब राहा. आमच्याकडून पिल्लं घ्या, आमचंच खाद्य घ्या, माल आम्हीच विकत घेऊ, अशी भाषा ऐकली की चपला घाला. कडकनाथ कोंबड्यांच्या नावानं 2019 साली पश्चिम महाराष्ट्रात जे उघडकीला आलं, त्यात पैसे अडकले ते साध्या शेतकऱ्यांचेच. उदबत्ती किंवा पेन पॅकिंगच्या कामासाठी आधी अनामत मागणारे त्याच जातीचे. काम देणारा पैसे मागत नसतो.

उधारीबद्दल स्वतंत्र बोलायला हवं. गावात नाही म्हणणं जड जातं. घेणारा चुलत सासरा असतो, सरपंचांच्या घरचं असतं, ज्यांच्या विहिरीवरून पाणी भरतो ते असतात. पण उधारी थकली की पैसा तर जातोच, बोलचालही जाते. त्याऐवजी नातेवाइकांना वर्षातून एकदा, दिवाळीला, एक पाकीट भेट द्या आणि एरवी रोखीनं विका. ‘आमच्याकडे उधार नाही’ ही पाटी दुकानदार लावतात ती उगाच नाही. माणसानं तोंडानं म्हणायचं ते पाटीवर सोपवता येतं. दुकानांना माल ठेवायला देत असाल तर थोडाच द्या, आणि मागचे पैसे आल्याशिवाय पुढचा देऊ नका.

परवानग्यांचं काम वाटतं तितकं अवघड नाही. खाण्याची वस्तू विकायची तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. छोट्या व्यावसायिकाची फी नाममात्र आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. नोंदणी क्रमांक, वस्तूचं नाव, वजन, किंमत, भरल्याची तारीख, किती दिवस टिकेल ते, आणि तुमचा पत्ता, एवढं लेबलवर पाहिजेच. उद्यम नोंदणी मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणारे एजंट आणि फसव्या वेबसाइटी पुष्कळ आहेत, त्यांना देऊ नका. मालाच्या विक्रीला वर्षाला चाळीस लाखांपर्यंत साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही, तेव्हा त्याची धास्ती आत्ताच नको. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं, तरी विकत घेऊन विकलेल्या मालाचा नफा करमुक्त नसतो. विवरणपत्र भरणाऱ्यांनी तो दाखवावा. मानांकनाचं एक पथ्य आहे. ‘वायगाव हळद’ हे नाव कायद्यानं राखलेलं आहे. त्या भागातली हळद असेल आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तरच ते पाकिटावर छापा. सांगली-हिंगोलीची हळद वायगावच्या नावानं विकणारा स्वतःच्याच तालुक्याचं नाव खराब करतो.

सरकारी नोकरीत असलेल्यांनी वेगळी काळजी घ्यायची. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यापार करता येत नाही, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनाही तसेच नियम आहेत. बायकोच्या नावावर दुकान आणि गल्ल्यावर स्वतः, ही युक्ती सगळ्या गावाला ठाऊक असते, वरिष्ठांनाही. धंदा खरंच तिचा असेल तर तिला करू द्या, आणि आपण संध्याकाळी स्वयंपाक करा.

यावरून घराचा विषय निघाला. जोडधंदा ‘फावल्या वेळात’ करायचा असं म्हणतात. बाईला फावला वेळ असतो कुठं? धंदा सुरू होण्याआधी घरातली दोन कामं तरी दुसऱ्यानं उचलायला हवीत, आणि ती कुठली हे आधीच ठरायला हवं. नाहीतर चार वाजता उठून वड्या घालणारी बाई दोन वर्षांत आजारी पडते, आणि औषधांवर गेलेला पैसा वहीत कुणी लिहीत नाही.

शेवटचा प्रश्न वाढवण्याचा. धंदा चालला की लोक म्हणतात, वाढव, नागपूरला दुकान टाक, ऑनलाइन जा. ज्याला वाढवायचं त्यानं जरूर वाढवावं. मग तो जोडधंदा राहणार नाही, मुख्य धंदा होईल आणि त्याचे नियम वेगळे. पण न वाढवणं हा कमीपणा नाही. महिन्याला साठ पाकिटं, ठरलेली गिऱ्हाइकं, उसनवारी नाही, रात्री झोप लागते, असा धंदा वीस वर्षं चालवणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांना अपयशी म्हणायची माझी तयारी नाही. एखादा मोठा व्यापारी येईल, सगळा माल एकदम उचलतो म्हणेल, फक्त भाव त्याचा. त्या दिवशी वही उघडा आणि 63 च्या जागी तुमचा जो आकडा असेल तो बघा. त्याच्या खालचा भाव असेल तर चहा पाजून वाटेला लावा.

सुरुवात करणार असाल तर पहिल्या बाजाराला वीस पाकिटांपेक्षा जास्त नेऊ नका. भाव घरून ठरवून निघा आणि तिथं गेल्यावर बदलू नका. उरलेली पाकिटं परत आणा. हळद महिनाभरात खराब होत नाही.